स्वस्त टॅब्लेट आणि त्याचे कुलूप: खरेदीपूर्वी तोलावयाच्या गोष्टी

टॅब्लेट घेण्यासाठी दुकानात गेलेला ग्राहक बहुधा तीन प्रश्न विचारतो. किंमत किती, पडदा किती इंचांचा आणि बॅटरी किती तास चालते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे खोक्यावर छापलेली असतात. चौथा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो आणि त्याचे उत्तर खोक्यावर नसते. या यंत्रात कोणती आज्ञावली बसवायची, कोणती काढून टाकायची आणि यंत्र किती वर्षे कामाचे ठेवायचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा तो प्रश्न होय. महागड्या यंत्राच्या बाबतीत हा प्रश्न चुकला तर माणूस हळहळतो आणि काही वर्षांनी दुसरे यंत्र घेतो. ज्या घरात एकच टॅब्लेट घेणे परवडते, तेथे मात्र या एका प्रश्नावर सारा खर्च सार्थकी लागणार की वाया जाणार हे अवलंबून असते.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीचेच उदाहरण घेऊ. जुन्नर तालुक्याच्या या पट्ट्यात टोमॅटो आणि द्राक्षांची शेती करणारी कुटुंबे आहेत. अशा घरात आलेला टॅब्लेट एका माणसाचा नसतो. मुलांचा अभ्यास, पिकाची नोंद, नारायणगावच्या बाजारातील भाव, बँकेचे व्यवहार आणि परगावी असलेल्या नातलगांशी बोलणे ही सारी कामे त्याच्यावरच होतात. यांपैकी एखादे काम त्या यंत्रावर होऊ शकत नाही, हे खरेदीनंतर कळले, तर त्यास उपाय आहे की नाही हे त्या यंत्राच्या कुलपावर ठरते. म्हणून हे कुलूप म्हणजे काय, ते कोठे बसविलेले असते आणि ते केव्हा हिताचे व केव्हा अहिताचे ठरते, याचा येथे विचार केला आहे.

कुलूप कोठे असते?

यंत्र सुरू झाल्यावर त्याच्या सर्व भागांकडून काम करवून घेणारी मूळ आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात कार्यप्रणाली. अभ्यासाचे, बँकेचे किंवा गप्पांचे ॲप हे या कार्यप्रणालीच्या आधारावर चालते. घरच्या जुन्या संगणकावर मालक हवी ती आज्ञावली बसवू शकत असे. प्रसंगी विंडोज काढून त्या जागी लिनक्सही घालू शकत असे. टॅब्लेटमध्ये ही मोकळीक गृहीत धरता येत नाही. तेथे निरनिराळ्या पातळ्यांवर कुलपे असतात आणि ती सर्व एकाच हेतूने लावलेली नसतात.

पहिले कुलूप दुकानाचे. कंपनीने ठरविलेल्या एकाच ऑनलाइन दुकानातून ॲप घ्यायचे, बाहेरून आणलेले चालणार नाही, अशी ही अट असते. २०१० मध्ये आलेल्या आयपॅडने ही पद्धत रूढ केली. २०११ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत १९९ डॉलरला आलेला ॲमेझॉनचा किंडल फायर मुळात अँड्रॉइडवर आधारलेला होता. परंतु त्यात गूगलचे दुकान नव्हते, ॲमेझॉनचे होते. स्वस्त यंत्र द्यायचे आणि त्यावर पुस्तके, चित्रपट व वस्तू विकून कमाई करायची, हा त्यामागचा व्यवहार. पुढे २०१५ मध्ये याच मालिकेतील सात इंची यंत्र ५० डॉलरच्या आत विकले गेले. ग्राहकाने न दिलेली किंमत त्याच्या पुढील खरेदीतून आणि पडद्यावरील जाहिरातींतून वसूल होते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे या किमतीचे आश्चर्य वाटत नाही.

दुसरे कुलूप बूटलोडरचे. यंत्राला वीज मिळताच सर्वांत आधी जी छोटी आज्ञावली चालते, ती बूटलोडर. पुढे येणारी कार्यप्रणाली कंपनीची सही असलेली आहे की नाही, हे ती तपासते आणि सही नसेल तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. चोरटी, घातक आज्ञावली आत शिरू नये यासाठी हे कुलूप उपयोगी आहे. मात्र कंपनीने सुधारणा देणे बंद केल्यावर मालकाला दुसरी कार्यप्रणाली बसवावयाची असेल, तर हेच कुलूप आडवे येते.

तिसरे कुलूप व्यवस्थापनाचे. शाळा, कंपनी किंवा सरकारी संस्था आपल्या मालकीची शेकडो यंत्रे एका ठिकाणाहून हाताळते. कोणती ॲप दिसावीत, कोणती संकेतस्थळे उघडावीत, हे तीच ठरविते. असे यंत्र मूळ स्थितीत आणले, म्हणजे पुसून कोरे केले, तरी सुरू होताच ते पुन्हा त्याच व्यवस्थेत जाऊन बसते.

चौथे कुलूप मालकीचे. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून अशी सोय आहे, की यंत्र परस्पर पुसून कोरे केले तरी आधीच्या मालकाचे गूगल खाते व परवलीचा शब्द दिल्याशिवाय ते उघडत नाही. चोराला आळा घालण्यासाठी ही योजना आहे. पण जुना टॅब्लेट विकत घेणारा प्रामाणिक ग्राहकही तीत अडकतो. हप्त्यांवर घेतलेल्या काही यंत्रांत हप्ता थकल्यास दुरून यंत्र बंद करणारी आज्ञावली घातलेली असते. तिचीही गणना येथेच करावयास हवी.

‘आकाश’चा धडा

स्वस्त टॅब्लेटचा भारतातील सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे ‘आकाश’. जुलै २०१० मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ३५ डॉलरच्या यंत्राचा नमुना दाखविला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’चे अनावरण केले. डेटाविंड या कंपनीकडून सरकारने ते सुमारे २,२७६ रुपयांना घेतले होते. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि अँड्रॉइड २.२ ही कार्यप्रणाली असे त्याचे स्वरूप होते. पडदा दाबाने चालणारा होता. बोटाचा हलका स्पर्श त्याला पुरत नसे.

यंत्र मंद आहे आणि बॅटरी लवकर उतरते, या तक्रारी सर्वत्र गाजल्या. त्यापेक्षा कमी चर्चिली गेलेली उणीव अशी, की त्यात गूगलचे अँड्रॉइड मार्केट नव्हते. त्याऐवजी गेटजार नावाचे दुसरे दुकान दिलेले होते. म्हणजे जगभर अँड्रॉइडसाठी तयार होणाऱ्या आज्ञावलींचा मुख्य दरवाजाच या यंत्राला बंद होता. शिवाय अँड्रॉइडच्या त्या आवृत्तीत देवनागरी लिपी धड उमटत नसे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. संगणकावर असा प्रश्न एखादा टंक बसवून सुटला असता. येथे टंक कार्यप्रणालीच्या आतल्या कप्प्यात असल्याने सामान्य वापरकर्त्याचा हात तेथपर्यंत पोहोचत नव्हता. ज्या देशातील विद्यार्थ्यांसाठी यंत्र बनविले, त्यांचीच लिपी त्यास वाचता येत नव्हती आणि ती शिकविण्याचा अधिकारही विद्यार्थ्याकडे नव्हता.

पुढे २०१२ मध्ये प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या आयआयटीकडे आली आणि चित्र बदलले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’चे अनावरण झाले. किंमत जवळपास तीच, २,२६३ रुपये. परंतु प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट, पडदा स्पर्शाने चालणारा आणि कार्यप्रणाली अँड्रॉइड ४.० होती. त्याहून महत्त्वाचा भाग निराळाच होता. प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली पवईतील चमूने या यंत्रावर सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांत आज्ञावली लिहिण्याची सोय केली. मेमरी कार्डावरून लिनक्स सुरू करता येईल, अशी व्यवस्थाही तयार करण्यात आली. दोन-अडीच हजारांचे यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी छोटा संगणक होऊ शकले, ते त्याचा बूटलोडर मोकळा होता म्हणून आणि त्या मोकळेपणाचा उपयोग करून घेणारी माणसे संस्थेत होती म्हणून.

तथापि ‘आकाश’ने दुसरीही बाजू दाखविली. पुरवठा रेंगाळला, बाजारात त्याच किमतीच्या आसपास अधिक चांगली यंत्रे येऊ लागली आणि २०१५ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. मोकळे यंत्र असणे पुरेसे नसते. सुटे भाग, दुरुस्ती आणि सुधारित आज्ञावली पुरविणारी व्यवस्था मागे उभी नसेल, तर मोकळ्या यंत्राचीही अडगळ होते.

किल्ली ज्याच्या हाती, त्याचे आयुष्य

बंद कार्यप्रणालीचा धोका मात्र वेगळ्या प्रकारचा असतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी हा टॅब्लेट काढला. त्यातील विंडोज आरटी दिसायला विंडोजसारखीच होती. परंतु विंडोजसाठी वर्षानुवर्षे तयार झालेली नेहमीची सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नव्हती. केवळ कंपनीच्या दुकानातील ॲप बसत होती आणि ती मोजकी होती. बूटलोडरलाही कुलूप असल्याने दुसरी कार्यप्रणाली घालण्याचा अधिकृत मार्ग नव्हता. ग्राहकांनी पाठ फिरविली. जुलै २०१३ मध्ये न खपलेल्या मालापोटी कंपनीने ९० कोटी डॉलरचा तोटा दाखविला. विंडोज आरटी ८.१ ला मिळणारे साहाय्य १० जानेवारी २०२३ रोजी संपले. त्या दिवशी कोणाच्या यंत्राचा पडदा फुटला नव्हता की बॅटरी निकामी झाली नव्हती. तरीही यंत्र सुरक्षितपणे वापरण्याजोगे राहिले नाही आणि ते ठरविणारा त्याचा मालक नव्हता.

आपल्याकडे घरोघरी पोहोचलेले उदाहरण जिओफोनचे आहे. तो टॅब्लेट नसला तरी स्वस्त यंत्र आणि बंद कार्यप्रणाली यांचा तोच मेळ त्यात होता. २०१७ मध्ये १,५०० रुपयांच्या परत मिळण्याजोग्या अनामतीवर तो देण्यात आला. त्यातील कायओएस या कार्यप्रणालीवर व्हॉट्सॲप यावयास सप्टेंबर २०१८ उजाडला. तोवर वापरकर्त्याच्या हाती वाट पाहण्याखेरीज काही नव्हते. नंतर २०२४ मध्ये कायओएसवर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेणे बंद झाले. येणेही दुसऱ्याच्या मर्जीने आणि जाणेही. अर्थात ज्या वृद्ध माणसाला फोन लावणे, गाणी ऐकणे आणि बातम्या पाहणे एवढेच हवे होते, त्याला या बंदिस्तपणाची अडचण भासली नाही. उलट बिघडण्यासारखे काही हाती नसल्याने तो निर्धास्त राहिला. कुलूप चांगले की वाईट, याचे एकच उत्तर देता येत नाही, ते यामुळे.

स्वस्ताई आणि दीर्घायुष्य यांचा मेळ कसा घालता येतो, याचे एक उदाहरण वारूळवाडीच्या परिसरातच उभे आहे. खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून बसविण्याची युक्ती योजल्याने वाऱ्याचा भार कमी झाला, लोखंड कमी लागले आणि खर्च आटोक्यात राहिला. पुढे त्याच तबकड्यांवर नवे संग्राहक बसवून दुर्बिणीची क्षमता वाढविण्यात आली. रचनेचे संपूर्ण ज्ञान आणि ती बदलण्याचा अधिकार पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडेच होता, म्हणून हे शक्य झाले. दुर्बीण आणि टॅब्लेट यांची तुलना ताणू नये हे खरे. परंतु स्वस्त वस्तू टिकवायची तर तिची किल्ली वापरणाऱ्याच्या जवळपास असावी लागते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

शाळेतून मिळणारा टॅब

सरकारी वा निमसरकारी योजनेतून मिळणाऱ्या टॅब्लेटचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू होता. ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व सीईटीच्या तयारीसाठी ‘महाज्योती’ या संस्थेमार्फत टॅब देण्याची योजनाही राज्यात राबविण्यात आली.

अशा यंत्रांना व्यवस्थापनाचे कुलूप असणे समर्थनीय आहे. सार्वजनिक पैशातून घेतलेले यंत्र अभ्यासासाठीच वापरले जावे, ते परस्पर विकले जाऊ नये आणि अल्पवयीन मुलाच्या हाती सारे महाजाल मोकळे सोडू नये, ही अपेक्षा रास्तच होय. प्रश्न निर्माण होतो तो काळाचा. राज्यात २०१७ मध्ये नववीचा आणि २०१८ मध्ये आठवी व दहावीचा अभ्यासक्रम बदलला. छापील पुस्तक बदलले की नवे पुस्तक वर्गात येते. टॅबमधील धडे मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे त्यानेच बदलावे लागतात. पुरवठादाराचा करार संपला असेल आणि शिक्षकाला नवे धडे घालण्याची मुभा नसेल, तर चांगल्या स्थितीतील टॅब जुन्या अभ्यासक्रमाचे कपाट होऊन बसतो.

म्हणून शाळेला, शाळा व्यवस्थापन समितीला किंवा देणगीतून टॅब घेऊ पाहणाऱ्या ग्रामपंचायतीला पुरवठादाराशी करार करतानाच काही गोष्टी लेखी मागता येतात. व्यवस्थापनाच्या खात्याचा परवलीचा शब्द शाळेकडे असावा. किमान एका शिक्षकाला धडे घालण्याचे व काढण्याचे प्रशिक्षण मिळावे. करार संपल्यावर कुलूप काढून देण्याची जबाबदारी पुरवठादाराची राहील, असे स्पष्ट कलम असावे. या तीन अटींसाठी जास्त पैसे लागतातच असे नाही. त्या वेळेवर मागाव्या मात्र लागतात.

पालकांनीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. योजनेतील टॅब परत करावयाचा आहे की विद्यार्थ्याकडेच राहणार आहे, हे सुरुवातीलाच लेखी विचारावे. आणि असे कुलूप बाजारात नेऊन ‘तोडून’ घेण्याच्या फंदात पडू नये. त्यात योजनेच्या अटींचा भंग होतो, शिवाय अनोळखी हातांनी घातलेली आज्ञावली त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणाऱ्यांना महागात पडू शकते.

आपल्या कामांची कसोटी

टॅब्लेट चांगला की वाईट, हे सर्वसाधारणपणे सांगण्यापेक्षा आपली कामे त्याच्यावर होतात की नाही हे पाहणे अधिक शहाणपणाचे. ग्रामीण महाराष्ट्रातील कुटुंबासाठी पुढील चार कसोट्या पुरेशा आहेत.

पहिली शेतीची. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र ॲपमधून काढावे लागते आणि त्यासोबत स्थानाची नोंद होते. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या अनेक स्वस्त टॅब्लेटमध्ये उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची, म्हणजे जीपीएसची सोयच नसते. असे यंत्र या कामास निरुपयोगी ठरते आणि ही उणीव कोणतेही कुलूप उघडून भरून निघत नाही. शिवाय असे सरकारी ॲप काळानुसार बदलते आणि नवी आवृत्ती जुन्या अँड्रॉइडवर चालेलच याची खात्री नसते.

दुसरी अभ्यासाची. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात आणि पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठाशी जोडलेले आहेत. पुस्तकाचे पान सहज वाचता यावे इतका पडदा मोठा आहे काय आणि कोड टिपण्याइतका मागील कॅमेरा बरा आहे काय, हे दुकानातच पाहता येते. केवळ पीडीएफ वाचावयाच्या असतील, तर बंद कार्यप्रणालीचे यंत्रही चालते. दीक्षासारखे ॲप हवे असेल, तर ते त्या यंत्राच्या दुकानात आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

तिसरी भाषेची. आज बहुतेक यंत्रे देवनागरी दाखवितात. पण मराठीची स्वतःची अशी काही वळणे आहेत. टॅब्लेटवर ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘ॲप’ हे चार शब्द लिहून पाहावेत. अर्धा ‘र’ मोडून पडत असेल किंवा ‘ॲ’ उमटत नसेल, तर दुसरा कळफलक बसविण्याची परवानगी त्या कार्यप्रणालीत आहे काय, हे तेथेच विचारावे. बंद यंत्रात ती नसेल, तर ही अडचण कायमची आहे असे समजावे.

चौथी पैशांची. बँकेची आणि यूपीआयची ॲप यंत्राची सुरक्षितता तपासतात. बूटलोडर उघडलेल्या किंवा गूगलची मान्यता नसलेल्या यंत्रावर त्यांतील कित्येक चालण्यास नकार देतात. त्यामुळे ज्या यंत्रावरून व्यवहार करावयाचे आहेत, त्याचे कुलूप उघडण्याचा उद्योग करू नये. प्रयोग करण्याची हौस असलेल्या विद्यार्थ्यासाठी वेगळे, जुने यंत्र ठेवावे. बूटलोडर उघडताना यंत्रातील सारी माहिती पुसली जाते, हेही विसरू नये.

कुलूप केव्हा हिताचे?

वरील विवेचनावरून मोकळे यंत्र तेवढे चांगले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. लहान मुलाच्या हाती देण्याच्या यंत्रात ठराविक ॲपच उघडावीत, हे इष्टच आहे. ज्येष्ठांना फसवणुकीच्या आज्ञावली पाठवून खाते रिकामे करणाऱ्या भामट्यांच्या काळात अनोळखी स्रोतातून काहीही बसू न देणारे कुलूप म्हणजे घराच्या दाराला असलेली कडीच. फरक एवढाच, की कडी आतल्या बाजूने असावी.

सर्वसाधारण अँड्रॉइड टॅब्लेटमध्ये अशी आतून लावण्याची कडी असते. २०१२ मधील अँड्रॉइड ४.२ पासून टॅब्लेटवर एकाहून अधिक वापरकर्त्यांची स्वतंत्र खाती उघडता येतात. घरच्या प्रत्येकाला आपापला कप्पा मिळतो. २०१४ मधील ५.० पासून एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवता येते. मुलाच्या खात्यावर पालकांना देखरेख ठेवता येईल, अशी फॅमिली लिंक ही सोयही आहे. म्हणजे मोकळे यंत्र घेऊन त्याला आपल्या सोयीने कुलूप लावता येते. मुळातच बंद असलेले यंत्र मात्र आपल्या सोयीने उघडता येत नाही. किमतीत फारसा फरक नसेल, तर पहिला पर्याय निवडणे केव्हाही बरे.

कायद्याचा आधार

या विषयात ग्राहक अगदीच निराधार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याचा निष्कर्ष काढून १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. आयोगाचे काही निर्देश मात्र रद्द केले. आधीपासून भरलेली ॲप काढता येतात की नाही, दुसऱ्या दुकानातून ॲप घेता येते की नाही, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे नसून बाजारातील न्यायाचे आहेत, ही गोष्ट त्या प्रकरणाने ठळक केली.

टॅब्लेटसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. यंत्रावर किंवा खोक्यावर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावयास हवा. दुरुस्तीसंबंधीची माहिती एकत्र मिळावी म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. विक्रेत्याने सांगितलेली सोय यंत्रात नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये दाद मागता येते आणि त्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. या सर्वांसाठी पक्के बिल लागते. शेदोनशे रुपये वाचविण्यासाठी बिलाशिवाय घेतलेले यंत्र पुढे कोणत्याही दारात उभे करता येत नाही.

दुकानात विचारावयाचे प्रश्न

नारायणगाव, मंचर किंवा पुणे, खरेदी कोठेही करावयाची असो, पुढील गोष्टी पैसे देण्यापूर्वी पाहाव्यात.

१. सेटिंगमधील ‘अबाउट टॅब्लेट’ या भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा सुधारणेची तारीख असते. ही तारीख वर्षाहून जुनी असेल, तर कंपनीचे त्या यंत्राकडे लक्ष नाही असे समजावे.

२. पुढे किती वर्षे सुधारणा मिळणार, हे कंपनीने जाहीर केले आहे काय? नसेल, तर किंमत त्या मानाने कमी हवी.

३. प्ले स्टोअर आहे काय? असल्यास त्याच्या सेटिंगमध्ये यंत्र ‘सर्टिफाइड’ असल्याचे दिसते काय?

४. आपल्याला लागणारी दोन-तीन ॲप दुकानातच उतरवून चालवून पाहता येतील काय? जो दुकानदार यास नकार देतो, त्याच्याकडून घेण्याची घाई नसावी.

५. खोक्यावरील साठवणक्षमतेपैकी प्रत्यक्ष मोकळी किती आहे? कंपनीने भरलेली ॲप काढता येतात काय?

६. यंत्र वापरलेले असेल, तर विक्रेत्यासमोर ते पुसून कोरे करावे आणि आपल्या खात्याने नव्याने सुरू करून दाखविण्यास सांगावे. जुने खाते मागितले गेल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

७. हप्त्यांवर घेत असल्यास दुरून बंद करणारी आज्ञावली आहे काय, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर ती कोण व किती दिवसांत काढणार, हे लेखी घ्यावे.

८. बॅटरी व पडदा बदलून मिळण्याचे सर्वांत जवळचे अधिकृत ठिकाण कोणते? त्यासाठी प्रत्येक वेळी पुण्याला जावे लागणार असेल, तर तो खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी.

या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर किंमत पुन्हा मोजावी. सहा हजारांचा टॅब्लेट दोन वर्षांत निकामी झाला, तर तो वर्षाला तीन हजारांना पडतो. दहा हजारांचा पाच वर्षे टिकला, तर वर्षाला दोनच हजारांना. या हिशेबात कार्यप्रणालीच्या सुधारणा किती काळ मिळणार, ही बाब प्रोसेसर आणि कॅमेऱ्याच्या आकड्यांहून मोठी ठरते.

एकाच कामासाठी यंत्र हवे असेल, त्या कामाची हमी कंपनी देत असेल आणि किंमत खरोखरच कमी असेल, तर बंद कार्यप्रणालीचा टॅब्लेट घेण्यास हरकत नाही. परंतु घरातील सर्वांच्या सर्व कामांसाठी एकच यंत्र घ्यावयाचे असेल, तर चार पैसे अधिक देऊन, सुधारणांची मुदत जाहीर केलेले आणि कडी आतून लावता येणारे यंत्र घ्यावे. शाळेने वा ग्रामपंचायतीने घेताना किल्लीचा उल्लेख करारात करून घ्यावा.